सासूबाईंच्या झाडाचे गुलाब

आमच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या बरणीत जे वाळलेले गुलाब आहेत, ते माझ्या सासूबाईंच्या झाडाचे नाहीत. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच.

सासूबाई बडोद्याजवळच्या सावली गावात राहायच्या. त्या गेल्यावर घर विकायचं ठरलं. घेणाऱ्याला अंगणात गाडी लावायची होती, म्हणजे दाराजवळच्या देशी गुलाबाला कायमची रजा. बायकोनं शेवटचा बहर दांड्यांसकट कापून बडोद्यात समा भागातल्या आमच्या फ्लॅटवर आणला. खालची पानं काढली, सैल जुड्या बांधल्या आणि स्टोअररूममध्ये दोरीला उलट्या टांगल्या. खिडकीला चादर लावली. वारा हवा, ऊन नको. मग भावाबरोबर घर रिकामं करायला ती परत सावलीला गेली. जाताना म्हणाली, "अहो, त्यांना हात लावू नका. नुसतं असू द्या."

नुसतं असू देणं मला कसं जमावं? उभी नोकरी कोयलीच्या तेल रिफायनरीत काढलेली. कशाला किती आच द्यायची ते आपल्याला कळतं, असा माझा समज. त्यात मराठी घरातला. आमच्यात वाळवण म्हणजे ऊन. कुरडया, सांडगे, मिरच्या, सगळं जुन्या लुगड्यावर उन्हात. मे महिन्यात बडोद्याचं ऊन फुकट सांडत असताना फुलं अंधारात उलटी टांगायची, हा मला शुद्ध चोचला वाटला. ती यायच्या आत काम उरकून तिला चकित करावं, असा माझा उदात्त हेतू. जुड्या सोडल्या आणि गच्चीवर, म्हणजे आमच्या इथल्या भाषेत अगाशीत, शेजारच्या भाभींच्या पापडांशेजारी साडीवर पसरल्या.

चकित मीच झालो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहतो तर रंग उडून पाकळ्या जुन्या वर्तमानपत्रासारख्या झालेल्या. उचलायला गेलो तर हातात दांड्या आल्या. पाकळ्यांचा चुरा वाऱ्यानं आधीच भाभींच्या पापडांवर नेला होता.

"भाई, पापडमां गुलाब? बहु सरस," भाभी म्हणाल्या.

मग मी फुलबाजार पालथा घातला. देशी गुलाब सुटे मिळतात, हारापुरते. दांडीचे कोणी ठेवत नाही. एका फुलवालीला मस्का लावून मुद्दाम मागवले. तशाच जुड्या, तीच दोरी, तीच चादर. आणि या वेळी सूचना अगदी काटेकोर पाळल्या. हात म्हणून लावला नाही.

बायको आली. "अजून ओलसर कसे हो?"

"अंधारात वेळ लागतो," मी म्हटलं. "तूच म्हणाली होतीस."

फुलं सुरेख वाळली. तिनं ती बरणीत भरली, नाक लावलं, डोळे मिटले. "आईच्या अंगणात उभं असल्यासारखं वाटतं," म्हणाली. मी म्हटलं, "हो ना." मला बाजारातला चिखल आठवला.

तेव्हापासून सोसायटीत मी फुलं वाळवण्यातला जाणकार आहे. बायकोच सांगते सगळ्यांना, "मी नसताना यांनी सांभाळली. धीर बघा यांचा." लोक सल्ला विचारतात. मी देतो. ऊन दाखवू नका, घाई करू नका, फुलाचा मान ठेवा. बोलताना माझा आवाजही जरा खाली येतो. एकदा भाभी समोर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं चहा प्यायल्या. त्या बाईंचे उपकार मोठे.

एवढ्यावर भागलं असतं. पण परवा बायकोनं दुसरी, लहान बरणी धुऊन उपडी घातली. रविवारी मुलगी पुण्याहून येणार आहे. निम्मी फुलं तिची. "आजीचं काहीतरी असावं गं तुझ्याकडे," बायको तिला फोनवर सांगत होती, आणि मी मान हलवत होतो. फोनवर मान दिसत नाही, तरी हलवत होतो. सवय.

बायकोला मी तिच्या आईचे गुलाब देणं लागतो, आणि ते आता माझ्याकडे नाहीत. ते माझ्या हातून गेले, हे तिला सांगायचंही देणं आहे. मुलीनं बरणी उचलायच्या आत.