तांदळातलं नाव

"थांब वं पोरी! आता नाई ऐकवत मले," शकुंतलाताई डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या.

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका वाचनालयात मी लायब्ररियन आहे. शनिवारी दुपारी आमच्याकडे बायकांचा वाचनगट भरतो. काही वर्षांपूर्वी तिथं एक जुनी गाजलेली कादंबरी चालू होती. कल्पनेतलं राज्य, तिथं बायकांना वाचायची बंदी आणि नाव हुकूम होईल ते. आमच्याकडे तिची एकच प्रत. अशा प्रतीवर 'फक्त वाचनकक्षात' असा शिक्का असतो, ती घरी इश्यू होत नाही. म्हणून मोठ्यानं वाचायची. वाचून दाखवायची ती शकुंतलाताईंची भाची, प्रतीक्षा. आवाज असा खणखणीत, की पलीकडचे म्हातारे हातातला पेपर खाली ठेवायचे.

नाव हिसकावतात ते प्रकरण आलं आणि गट पेटलाच. "नाव म्हंजे का चप्पल हाये, कोनीबी बदलावं?" शकुंतलाताई कडाडल्या.

त्याच सुमारास प्रतीक्षाचं लग्न ठरलं. मुलगा पातूरचा, श्रीकांत. लग्न लागलं की ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं बायकोचं नवीन नाव लिहितो, ही आपली रीत. प्रतीक्षानं त्याला आधीच सांगून ठेवलं, माझं नाव बदलायचं नाही. तो हो म्हणाला. मला हे सांगताना पोरगी काय खुशीत होती!

लग्नाला अख्खा गट गेला. ताट आलं. श्रीकांतनं 'प्र' काढला, तोच त्याची आई म्हणाली, "हे काय लिहून राह्यला रे? श्रावणी ठरलं होतं ना आपलं?"

त्यानं 'प्र' पुसून तांदूळ सारखे केले.

"आई, आमचं बोलणं झालं होतं," प्रतीक्षा म्हणाली. मग तिनं आमच्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "अहो, राहू द्या ना. तिची इच्छा आहे."

"मॅडम, हे वाचनालय नाई!" हे बोलल्या कोण, तर शकुंतलाताई. मग भाचीकडे वळून, "अवं पोरी, हौस असते त्याईची. कागदावर थोडीच बदलून राह्यले? लिहू दे."

"श्रावणी गोड हाये बाई!" गटातली दुसरी म्हणाली. तिसरीनं उखाण्याचा आग्रह धरला. श्रावणी लिहून झालं, पेढे वाटले. माझ्या हातातला पेढा मला खाववेना.

कादंबरी पुढं मीच वाचून संपवली. शकुंतलाताई शेवटी हुंदके देऊन रडल्या, अगदी मनापासून. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

पातूर काही लांब नाही. पण प्रतीक्षा परत आली नाही. एकदा मीच फोन केला, म्हटलं, "ये गं, तुझ्यासाठी शेवट पुन्हा वाचू."

"नका मॅडम," ती म्हणाली. "मले आता नाई वाचायचा."

मला फार वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मात्र कळली. पुस्तकातल्या बाईसाठी रडणं सोपं असतं, कारण तिच्या सासरशी आपल्याला सोयरीक सांभाळायची नसते.