मेट्रोत धरलेली जागा

गाडीत जागा धरण्यात आमच्या घराण्याचा हात कोणी धरू शकत नाही. पवनीच्या स्टँडवर एसटी पुरती उभी राहण्याआधीच आमचा दुपट्टा खिडकीतून सीटवर पडलेला असतो. एकानं घुसून जागा धरायची, बाकीच्यांनी सावकाश चढायचं आणि तोवर मोठ्या मामांनी ड्रायव्हरला गप्पांत गुंतवायचं. आमच्या कोंढा गावातून नागपूरला माझ्यासाठी मुलगी पाहायला निघालो, तेही याच कलेच्या भरवशावर!

याआधी तीन मुलींनी मला नकार दिला होता. (एकीनं तर पोहे बाहेर येण्याआधीच!) मामांनी बजावलं होतं, "हे बी नाही जमलं तं आता तुह्यासाठी सरकारनंच एखादी योजना काढा लागन."

मुलीचं घर मेट्रो स्टेशनला लागूनच होतं. तिचे वडील त्या स्टेशनच्या फाटकावर आम्हाला घ्यायला येणार होते. आई, बाबा, मामा आणि मी नागपूरला एसटीतून उतरून मेट्रोच्या स्टेशनवर आलो. वर काच, चकचकीत फरशी, सरकता जिना. खाली तुंबलेली नाली, तिच्यावरच तर्री-पोह्याची गाडी आणि अंगावर येणारे ऑटोवाले. विकास जिन्यानं वर निघून गेला होता आणि मोहल्ल्याला कोणी वर बोलावलंच नव्हतं.

"काहून रे बाबू, इथं चपला काढा लागते का?" आईनं फरशी पाहून विचारलं.

"चल गं! मी आहो ना!"

मी भंडाऱ्याला कचेरीत कारकून, मेट्रोत याआधी एकदा बसलेला. म्हणजे घरातला जाणकार मीच! चारही तिकिटं मी काढली, एकेकाला फाटकातून आत लोटलं आणि म्हातारी माणसं हरवून टाकतील म्हणून तिकिटं स्वतःच्या खिशात ठेवली.

गाडी आली. मामा गरजले, "घुस बे! जागा धर!"

घुसलो. डबा जवळजवळ रिकामा होता; पण संस्कार कुठे जातात? एका सीटवर दुपट्टा पसरला, उरलेल्या तिन्हींवर मी आडवा झालो. "या! धरली जागा!" आई शिंगाड्याची पिशवी सावरत होती, बाबा तिच्या मागे आणि मामा ठरल्याप्रमाणे गप्पा मारायला ड्रायव्हरकडे धावत होते. "थांबव ना गा भाऊ! बाया चढून राहिल्या!"

ड्रायव्हर गप्पिष्ट नव्हता. दारं मिटली आणि गाडी एकट्या नवरदेवाला घेऊन निघाली!

"काका," समोरची कॉलेजातली मुलगी म्हणाली, "इथे झोपायचं नसतं." मुलगी पाहायच्या दिवशी 'काका'! मी उठून बसलो.

शहाण्या माणसानं मुलीच्या स्टेशनवर उतरून वाट पाहिली असती. मला वाटलं, माझ्याशिवाय या बिचाऱ्यांना मेट्रोत चढता तरी येईल का? पुढच्याच स्टेशनवर उतरलो आणि उलट्या गाडीनं त्यांना आणायला निघालो. अर्ध्या वाटेत शेजारून दुसरी गाडी गेली. तिच्या काचेतून आई मला हात हलवत होती. मामांनी तर सीटवर मांडी ठोकली होती.

मी परत उलटा फिरलो. मुलीच्या स्टेशनवर पोचलो, तर फाटक माझ्यावर ओरडायला लागलं. गार्ड आला. "इतका वेळ आत काय करत होते?"

"मुलगी पाहायला आलो."

"मेट्रोत?"

त्याला सगळं समजावेपर्यंत माझा घसा कोरडा पडला. शेवटी तोच हसत म्हणाला, "मग त्या मावशी तुमच्याच का? शिंगाडेवाल्या?" बाहेर पडायलाही तिकीट लागतं आणि तिकिटं माझ्या खिशात, त्यामुळे माझी माणसं फाटकाच्या आतच अडकली होती. आई फरशीवर फतकल मारून बसली आणि तिनं गार्डला शिंगाडे देऊ केले. "इथे खाणं मना आहे, मावशी," असं तो म्हणाला, तर "मंग घरी ने, लेकरं खातीन," म्हणत तिनं त्याचा खिसा भरला. शेवटी मुलीचे वडील आले, सोबत मुलगीही आली आणि तिनंच गार्डशी बोलून सगळ्यांना बाहेर काढलं होतं.

मी धापा टाकत मुलीच्या घरी पोचलो, तर पोह्यांच्या बशा रिकाम्या होत्या.

"ये, बस," मामा म्हणाले. "जमलं!"

"पण तिनं मला पाहिलंच नाही!"

"तुहा फोटो दाखवला ना. केसं होते तवाचा."

आत ती माझ्या आईजवळ बसून शिंगाडे सोलत होती आणि दोघी पोट धरधरून हसत होत्या. कशाला, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. हो मात्र तिनं खरंच म्हटलं होतं. मला इतका आनंद झाला, की पोहे उरले नाहीत याचंही काही वाटलं नाही.

लग्नाला आता काही वर्षं झाली. परवा मी जरा मिशीवर हात फिरवत बायकोला विचारलं, "मला न पाहताच हो म्हणालीस. असं काय दिसलं गं त्या फोटोत?"

"फोटो कुठं पाहिला मी नीट! आई आवडल्या, मामाजी आवडले, म्हणून हो म्हटलं," ती म्हणाली. "तुम्ही त्यांच्यासंगं वेळेवर आले असते ना, तर मी नाहीच म्हणणार होती."