मावशींनी सांगितलेली नावं

"आधी खिडकी लाव, मग इचार," मावशी म्हणायच्या. नांदेडच्या त्या खोलीत ऐन उन्हाळ्यातही खिडकी लावूनच मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू करायचो.

तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. स्टँडामागच्या गल्लीत ब्लाऊज शिवणाऱ्या, उंच, आवाज भरड. स्वतःसारख्या तृतीयपंथीयांना आणि पुरुषांवर जीव असणाऱ्या आमच्यासारख्या पुरुषांना एकत्र आणणारं मंडळ त्यांनी तरुणपणी त्याच दुकानात सुरू केलं होतं. मी त्यातलाच, पण लातूरला माझ्या घरी हे कुणालाच ठाऊक नाही.

मावशी एकेक नाव घेऊन सांगत. कुणाला पोलिसांनी उचललं, कुणाचं प्रेत घरच्यांनी नाकारलं आणि मंडळानं नेलं. "कागदावर कायबी न्हाई आमचं. मी गेले की ह्या पोरी होत्या, असं कोण म्हणंल?"

मध्येच हसायच्या. "मला आत टाकलं, तर तिसऱ्या दिवशी फौजदाराची बायकोच ठाण्यात हजर! भावाचं लगीन, अन् तिचे ब्लाऊज माझ्याकडं अडकलेले. लगेच सुटले."

चौथ्या खेपेला मात्र त्या हसल्या नाहीत. "लोह्याकडच्या गावाहून माझा पुतण्या आला व्हता. कोण येतं, फोनात काय भरून नेतं, इचारून राहिला. तू आता येऊ नको. नावं जप."

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन बंद लागला. मी नांदेडला गेलो, तर दुकानाला कुलूप. शेजारीण हळूच म्हणाली, "गावाकडं नेलं. चौघं आले व्हते. मावशी रडून राहिल्या व्हत्या."

मला राहवलं नाही. पत्ता काढत लोह्याजवळच्या त्या गावी पोचलो. अंगणात बाजेवर मावशी बसल्या होत्या. केस बारीक कापलेले, अंगात सदरा-धोतर. शेजारी पुतण्या उभा.

"काका, रेकॉर्डिंग करणारा तो ह्योच का?"

मावशींनी माझ्याकडं पाहिलं. डोळे जराही हलले नाहीत.

"न्हाई. ह्यो जुन्या शिलाई मशिनी इकत घेणारा." मग मला म्हणाल्या, "मशीन इकायची न्हाई. उगा चकरा मारू नको. जा."

मी निघालो. फाट्यापर्यंत एक मोटारसायकल सावकाश माझ्या मागून येत राहिली.

गाडी मिळाली. जागेवर बसून मी खाली पाहिलं. पुतण्या मोटारसायकलवरून उतरला होता आणि गाडीची पाटी वाचत होता: लातूर.