धुराड्याच्या तोंडाशी चबुतरा

पंचेचाळिशीतली मी आज रस्त्यात भेटली, तर मी तिला ओळख देणार नाही. हातमागाची साडी, गळ्यात चांदीचा जाडजूड हार, आणि तोंडात सदानकदा पश्चिमेचं ऊन. कुणी नुसतं ‘जेवलात का’ विचारलं, तरी बाईंची गाडी पश्चिमेच्या उन्हावर. अशा बाईला भाईंदरच्या एका शेठनी ऑफिसची इमारत बांधायला दिली. त्यात तिची हुशारी किती आणि अगरबत्तीची किती, ते ऐका.

त्याआधीची माझी सगळी नोकरी एका मोठ्या आर्किटेक्टच्या हाताखाली गेली. इमारती त्याच्या, त्यातले जिने आणि संडास माझे. मीरा-भाईंदरमधली निम्मी माणसं मी काढलेल्या संडासात बसतात, असं मी चारचौघांत अभिमानाने सांगायची. सासूबाई रत्नागिरीकडच्या, जिभेला धार. म्हणायच्या, “चला, काहीतरी उपयोगाचं केलंस गो.”

मग शेठ आले. स्टीलच्या भांड्यांचा कारखाना, भाईंदर पश्चिमेला खाडीच्या अंगाला मोकळी जागा. पुढे एक इमारत आत्ता बांधायची, मागे तशीच दुसरी नंतर. आणि शेठना काच हवी होती.

“पूरा ग्लास पाहिजे, मॅडम. लांबून चमकला पाहिजे.”

“मे महिन्यात काचेच्या पेटीत माणसं कोंडलीत ना शेठ, तर त्यांचा ढोकळा होईल.”

शेठ हसले नाहीत.

माझा नकाशा असा होता. पश्चिमेला एकही खिडकी नाही. तिकडे जिना, लिफ्ट आणि अर्थातच संडास, म्हणजे दुपारचं ऊन त्यांनी खायचं. दक्षिणेला खोल छज्जे. खाडीकडच्या भिंतीला सिमेंटची जाळी. आणि इमारतीच्या पोटात, तळमजल्यापासून गच्चीच्याही वर जाणारी एक उभी पोकळी. प्रत्येक मजल्यावरची तापलेली हवा झरोक्यातून त्या पोकळीत शिरणार, वरून निघून जाणार, आणि तिच्या जागी जाळीतून खाडीचा वारा आत ओढला जाणार. मी तिला धुराडं म्हणायची. माणसांना पंखे पुरतील, एसी फक्त कॉम्प्युटरच्या खोलीला. आपण भाईंदरला नवं हवामान देतोय, असा तेव्हा माझा समज होता.

वारा नेमका कुठून येतो ते बघायला मी त्या मोकळ्या जागेत पेटती अगरबत्ती घेऊन फिरायची. धूर जिकडे वळेल तिकडे कागदावर बाण. एका सकाळी अशीच कोपऱ्यात डोळे बारीक करून उभी होते. मागे चाहूल लागली म्हणून वळून पाहिलं, तर शेठ. बूट बाजूला काढून ठेवलेले, हात जोडलेले.

“मॅडम, आप रोज पूजा करता इधर?” त्यांनी हळूच विचारलं.

आता सांगावं ना माणसाने, की शेठ, हा वाऱ्याचा अभ्यास आहे! पण बाईसाहेबांनी डोळे मिटले आणि गंभीरपणे मान हलवली. तेवढ्या एका मान हलवण्यावर इमारत मिळाली.

“काच नको बोलता, ठीक आहे,” शेठ म्हणाले. “पण पहिला उन्हाळा एसीशिवाय निघाला पाहिजे. निघाला तर मागची बिल्डिंग पण तुमची. नाय निघाला तर मागे ग्लास, आणि बनवणारा दुसरा.”

आणि एक विनंती. सकाळी कबुतरांना ज्वारी घालायचा त्यांच्या घरचा नेम, वडिलांपासूनचा. गच्चीत थोडी जागा हवी. “तुम्ही तर भाविक आहात, तुम्हाला काय सांगायचं!”

भाविक बाईने नुसती जागा दिली असती तरी निभावलं असतं. तिने नक्षीदार चबुतरा काढला, पाण्याच्या कुंडीसकट. आणि शेठना सकाळी सावलीत उभं राहता यावं म्हणून तो ठेवला कुठे? धुराड्याच्या तोंडाशी. धुराड्यावर पावसासाठी छत्री होती, बाजूंनी मात्र ते सताड उघडं. बारीक जाळी लावली तर हवा अडते, म्हणून मीच लावू दिली नव्हती. सूर्याचे कोन, वाऱ्याचा वेग, हवेतला दमटपणा, सगळं जिच्या पाठ होतं, त्या विदुषीला कबुतरालाही सावली आवडते हे सुचलं नाही.

इमारत उभी राहिली. पहिल्या एप्रिलमध्ये ती अशी चालली, की मी काहीतरी निमित्त काढून तिथे जायची आणि बायकांच्या कपाळांवर घाम शोधायची. नसायचा. धुराड्याच्या तळाशी मी संगमरवरी बाक केला होता. सगळ्यात गार जागा, म्हणून लोक तिथेच डबे खायचे. सासूबाईंना मुद्दाम रिक्षात घालून आणलं. त्या बाकावर टेकल्या, पदर सैल केला.

“वारा बरा येतोय गो,” म्हणाल्या. “घरी का नाय आणलास?”

आमचा फ्लॅट पश्चिमेचा. दुपारी भिंतीवर पोळी भाजावी असा. बाईंना जगाच्या घामाची काळजी, सासूच्या नाही.

मे लागला आणि कबुतरांनी धुराडं ताब्यात घेतलं. सकाळी ज्वारी खायची, कुंडीतलं पाणी प्यायची आणि गारव्याला आत उतरायची. झरोक्याच्या प्रत्येक कडेवर घरटं. मजल्यामजल्यांवर दिवसभर घुमणं चालू. फोनवर गिऱ्हाईक विचारायचं, कोण कण्हतंय? पिसं चहात, विष्ठा बाकावर. हवा ठरल्याप्रमाणे वर जात होती. बाकी सगळं खाली येत होतं.

मी रोज पुसून घ्यायची आणि म्हणायची, होईल सवय.

मग एका दुपारी अकाउंट्समधल्या बाईंनी बाकावर डबा उघडला आणि वरून त्यात पिल्लू पडलं. पिसं न फुटलेलं, मेलेलं, वरणभातात. त्या ओरडल्या नाहीत. डब्याला झाकण लावलं, “मी घरी जातेय,” म्हणाल्या आणि गेल्या. डबा तिथेच राहिला. त्याला हात कोण लावणार?

शेठ धावत आले. डब्याचं झाकण उचलून पाहिलं.

“मॅडम, तुमच्या हवेच्या नादात जीव गेला.”

“शेठ, उद्याच वर जाळी बसवते.”

“आत अंडी आहेत. आई बाहेर, पिल्लं आत. असं करायचं?”

“मग थोडे दिवस ज्वारी बंद ठेवा.”

“तुम्ही बोलता हे? तुम्ही? रोज अगरबत्ती लावणारी बाई?”

मागची इमारत अजून हातात होती. डोळे मिटून मान हलवली असती, चार दिवस शोक केला असता, तर काहीतरी मार्ग निघाला असता. पण बाईंना नेमक्या त्या क्षणी सत्याचा उमाळा आला.

“शेठ, मी भाविकबिविक काही नाही. ती अगरबत्ती वाऱ्याची दिशा बघायला होती.”

स्टील म्हणून कुणीतरी पत्रा गळ्यात मारावा, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आठवड्याच्या आत प्रत्येक मजल्यावरचे झरोके प्लायवूड ठोकून बंद झाले. धुराडं उघडंच राहिलं, कबुतरांसाठी. माणसांना एसी आले. मी जन्मात बांधलेली एकुलती एक गार जागा, आणि तिच्यात राहायला कबुतरं. मागची इमारत दुसऱ्याला गेली. पूर्ण काचेची, उघडणारी एकही खिडकी नाही, आणि गच्चीवर एसीच्या मशिनींची रांग. मी परत जिन्यांकडे आणि संडासांकडे.

“माणसांना संडास, पाखरांना बंगला,” सासूबाई म्हणाल्या. “झालं गो तुझं नाव.” मरेपर्यंत हे वाक्य त्यांना पुरलं. आल्यागेल्याला चहाबरोबर द्यायच्या.

आता मीही आजी झालेय आणि खरोखरच भाविक. शेठ थकलेत, लिफ्टनंतरचा गच्चीचा जिना चढवत नाही. मीच गेले त्यांच्याकडे, म्हटलं, तुमचा नेम मी चालवते. त्यांचे डोळे भरून आले. “शेवटी आलात ना, मॅडम!” वॉचमनला त्यांनी सांगूनच ठेवलंय, आजींना अडवायचं नाही.

ज्वारी मात्र मी जुन्या चबुतऱ्यावर टाकत नाही. काचेच्या इमारतीच्या गच्चीवर, एसीच्या मशिनींच्या मागे टाकते. कबुतरं हुशार, लगेच शिकली. आता तिथे घरटी आहेत, घरट्यांत अंडी आहेत, आणि अंडी असताना हात लावायचा नाही हा शेठचा हुकूम अजून चालतो. मशिनी पिसांनी गुदमरून बंद पडतात. खाली काचेत टाय लावलेली माणसं फायलींनी वारा घेत असतात. जाताना मी त्यांना बाहेरून हात करते. गोड म्हातारी वाटते त्यांना.

परवा एसी दुरुस्तीवाला वर भेटला. घामाघूम, हातात पिसांचा बोळा.

“आजी, इधर मत डालो ना दाना. मेरी नौकरी जाएगी.”

मी पिशवीतून अगरबत्ती काढली, पेटवली, डोळे मिटले आणि गंभीरपणे मान हलवली. चपला काढल्याचा आवाज आला. ऊन चांगलं चढलं होतं, गच्ची तव्यासारखी तापली होती. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता, तेही ऐकू येत होतं.

मी डोळे उघडायची घाई केली नाही.