इनामाचं ताट

"पदर झाड."

बाजारचा दिवस होता. लोहाऱ्याच्या वेशीजवळचं ते पत्र्याचं हाटेल गिऱ्हाइकांनी गच्च भरलेलं. मी चुलीपुढून उठून आले होते, कोपरापर्यंत जोंधळ्याचं पीठ. मालक गादीवरून उठलासुद्धा नाही. बोटानं दाखवलं, इथं उभी राहा.

"झाड म्हनलं न्हवं का? का मी झाडू?"

कोणीतरी हसलं. मी पदर झाडला. अर्धी भाकरी खाली पडली. करपलेली. अशी भाकरी गिऱ्हाइकाला वाढत नाहीत, ती मालकाच्या म्हशीच्या पाटीत जाते. मी ती म्हशीच्या आधी उचलली होती, माझ्या पाच वर्षांच्या लेकीसाठी.

समोर बाकड्यावर नागू बसला होता. नागू आमच्यातलाच, वाढप्या. पण त्या दिवशी तो गिऱ्हाइकांच्या जागेवर बसलेला आणि त्याच्यापुढं पितळेचं ताट. गव्हाची पोळी, वर तूप, शेवयांची खीर. माझ्या पदरातल्या भाकरीची खबर त्यानंच दिली होती. मालकानं पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. मी नागूच्या हातावर पाणी घातलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. तो पोळीकडं बघत होता.

याला मालक इनामाचं ताट म्हणायचा. (मालक हा शब्द ओळखीपुरता ठेवलाय. तेव्हा अहो-जाहो करत होते, ते केव्हाच सोडलं.) दर बाजारी एक ताट. आठवड्यात ज्यानं चांगलं काम केलं, त्यानं समोरच्या बाकड्यावर बसायचं आणि मालकानं स्वतःच्या हातानं वाढायचं. ताट तिथंच संपवायचं, कण घरी न्यायचा नाही. आणि चांगलं काम म्हणजे काय? भाकरी गोल थापणं नव्हे. दुसऱ्याची चूक मालकाच्या कानावर घालणं. ज्याची चूक सांगितली त्यानं सांगणाऱ्याच्या हातावर पाणी घालायचं, हा नेम.

मालकाला या गोष्टीचा भारी अभिमान. गिऱ्हाइकांना सांगायचा, "माज्याकडं शिवी न्हाय, काठी न्हाय. मानसाला मान दिला की मानूस आपसूक राबतंय." गिऱ्हाइकं माना डोलवायची. खरंच काठी नव्हती. आम्हीच एकमेकांच्या पाठीवर नजर ठेवून होतो.

मी माकणीची. घरची मेंढरं होती. नवरा तापानं गेला आणि दिरानं मेंढरांबरोबर घरही आपलं म्हटलं. लेकीला काखेत घेऊन लोहाऱ्याला आले आणि या चुलीपुढं बसले. दिवसाला दोन पायल्यांच्या भाकरी थापायच्या. संध्याकाळी दोन भाकरी आणि उरलेली आमटी मिळायची, त्यात दोघी.

हाटेलात त्या ताटाची हाव नसलेला एकच माणूस होता. शिवाप्पा मामा. भांडी घासायचे, पाणी भरायचे. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, बोलण्यात मराठी-कानडी सरमिसळ. मला अक्का म्हणायचे. मी एकदा विचारलं, "मामा, तुमाला खीर आवडत न्हाय व्हय?"

"आवडतीया की. पर त्ये ताट बेडा, अक्का." बेडा म्हणजे नको. मग राखेनं पातेलं घासत म्हणाले, "दोन कुत्र्यांम्होरं एक हाड टाकलं की कुत्री एकमेकांकडं बगून गुरगुरत्यात. टाकनाऱ्याकडं कुनी बगत न्हाय."

मला ते पटलं. आणि तरीही दर बाजारी माझी नजर त्या पोळीवर जायची. खोटं कशाला सांगू?

मग ते शेवटचं वर्ष आलं. निजामाच्या राज्याचं शेवटचं, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं? रस्त्यानं खाकीतली माणसं जायची, खांद्यावर बंदुका, कमरेला तलवारी. ती आली की हाटेल गप्प व्हायचं. गिऱ्हाइकं बशीत तोंड घालून चहा प्यायची. गावातली दोन घरं कुलूप लावून सोलापूरकडं, निजामाच्या हद्दीबाहेर निघून गेली. तिसऱ्या घराला कुलूप नव्हतं, दार उघडंच होतं आणि आत कोणी नव्हतं.

मालकाचे प्रश्नही बदलले. आधी विचारायचा, साखर कुणी चाटली, दूध कुणी सांडलं. आता विचारायला लागला, कोण कुणाबरोबर आलं, अणदूरवरून हद्दीकडं जाणाऱ्या वाटेची चौकशी कोण करतंय. ठाण्याचा अमीन, म्हणजे फौजदार, रोज दुपारी येऊन फुकट चहा पिऊन जायचा. आणि एक दिवस मालकानं ताटात वाढ केली.

"दसऱ्याच्या बाजारी ताटासंगं नवं लुगडं," तो म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "अन् तुजा नंबर आला तर लेकीलाबी बसीव बाकड्यावर. दोन ताटं."

लेकीनं जन्मात पोळी खाल्ली नव्हती. नागू जेवायला बसला की ती लाकडांच्या ढिगामागून बघायची, आणि रात्री झोपताना मला विचारायची, पोळी गोड असती का?

त्याच दिवसांत मामा मला म्हणाले, "अक्का, रोज चारपाच भाकरी कडक करून देशील? माज्या वाटच्याच. मी मऊ न्हेत न्हाय." मी दिल्या. पातळ थापायची, दोन्हीकडून भाजायची, मग चुलीतल्या निखाऱ्यांच्या आराजवळ उभी करून पार वाळवायची. आठ दिवस ठेवा, काही होत नाही. पण चारपाच? मामांच्या वाटच्या भाकरी दोनच. वरच्या ते शिळ्यांतून, मालकाला न विचारता घेत होते. बदल्यात माझ्या लेकीसाठी एक मऊ भाकरी माझ्या सुपाखाली सरकवून ठेवायचे. हे मी आत्ता सांगते. तेव्हा मालकाला सांगितलं नाही.

दसऱ्याचा बाजार जवळ आला तेव्हा मालकापुढं जाऊन फक्त एवढं सांगितलं, "मामा भाकरी न्हेत्यात. चारपाच."

मनात म्हटलं, काय होईल? मामांना भाकरीपायी बोल बसेल. पदर झाडायला तर लावणार नाही, ते पुरुषमाणूस. माझ्या हातावर पाणी घालतील, आणि लेक एकदा पोळी खाईल. मामा समजून घेतील.

"शिळ्या?" मालकानं विचारलं. तो गल्ल्यातली नाणी मोजत होता, त्याचं लक्षसुद्धा नव्हतं.

"व्हय. म्या कडक करून देते."

मालकाचा हात थांबला. "कडक?"

"व्हय."

त्यानं गल्ल्याचं झाकण लावलं. मग हसून म्हणाला, "जा. चांगलं काम केलंस."

मी चुलीपुढं येऊन बसले. पीठ काठवटीत घेतलं, पाणी घातलं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामांचं घर पाणवठ्यापलीकडं, हाकेच्या अंतरावर. मामा रोज संध्याकाळी घरी जातात. रोज घरी जाणाऱ्या माणसाला कडक भाकरी कशाला? कडक भाकरी रानात राहणाऱ्याला लागते, जो चूल पेटवू शकत नाही, धूर दिसू देऊ शकत नाही. जन्मभर भाकरी थापणाऱ्या मला हे उमगलं नव्हतं. मालकाला एका शब्दात उमगलं.

मी मामांना सांगायला उठायला हवं होतं. उठले नाही. मला वाटलं, मालक विसरेल. खरं म्हणजे मला वाटलं, दोनच दिवसांवर दसऱ्याचा बाजार आहे.

बाजारच्या दिवशी मालकानं माझ्या खांद्यावर हिरवं लुगडं टाकलं. मला चुलीपुढून उठवून लेकीसह बाकड्यावर बसवलं, तवा चुलीवर तसाच राहिला. दोन ताटं आली. पलीकडच्या बाकड्यावर अमीन बसला होता, दारात खाकीतले दोघं. गिऱ्हाइकं खाली माना घालून बसली होती.

"शिवाप्पा," मालकानं हाक मारली. "तांब्या आन."

मामा मोरीतून आले. हाताला राख. त्यांनी अमीनकडं बघितलं, दारातल्या माणसांकडं बघितलं, माझ्या खांद्यावरच्या लुगड्याकडं बघितलं. त्यांना सगळं कळलं.

"नेम म्हंजी नेम," मालक म्हणाला. अमीन पान चघळत हसला.

मामांनी माझ्या हातावर पाणी घातलं. धार हलली नाही. मग लेकीच्या हातावर घातलं, तिची इवली बोटं आपल्या हातानं चोळून धुतली. आणि खाली वाकून मला म्हणाले, "अक्का, तवा उतरीव. भाकरी करपायलीय."

एवढंच. त्यांना धरून नेलं. तांब्या खाली ठेवायची सवडसुद्धा दिली नाही, तो दारात वाजला.

लेकीनं पोळीचा घास मोडला होता. तूप तिच्या मनगटावर आलं होतं. मी तिच्या हातातून तो घास काढून घेतला. ती आधी हसली, तिला वाटलं मी भरवते. मग रडायला लागली. त्या रडण्याची मला आजही लाज वाटते, आणि तरी पुन्हा वेळ आली तर मी तो घास पुन्हा काढून घेईन.

लुगडं बाकड्यावर टाकलं. दोन्ही ताटांतल्या पोळ्या पदरात घेतल्या, लेकीला उचललं आणि समोरच्या दारानं निघाले. आम्हा राबणाऱ्यांना त्या दारानं जायची मुभा नव्हती.

"कुटं चाललीस? पदर झाड!" मालक ओरडला.

"न्हाय झाडत."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. कोणी अडवलं नाही. अमीनला जे हवं होतं ते मिळालं होतं, आम्ही कोण?

मामांच्या दारात त्यांची बायको गंगव्वा उभी होती. बातमी माझ्या आधी पोचली होती. मी पदर पसरला. तिनं पोळ्यांकडं बघितलं.

"ह्ये त्या ताटातलं हाय?"

"व्हय."

"उकिरड्यावर टाक."

टाकल्या. लेक बघत होती. परत आले तर गंगव्वा तिथंच उभी.

"त्यांचं नाव तू सांगितलंस?"

"व्हय."

तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि पिठाची काठवट आणून माझ्यापुढं आदळली. "माळाच्या नाल्यात निजामाच्या माणसांपासनं लपलेली चार पोरं हायत. हद्द वलांडायची हाय त्यास्नी. आज त्यास्नी काय पोचलं न्हाय. थाप. कडक कर."

मी थापल्या. अंधार पडायच्या आत गंगव्वा त्या शेणाच्या पाटीत लपवून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा थापल्या, आणि लेकीसह तिथंच राहिले. ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. माफी मी मागितली नाही. मागून मिळाली असती, तर तेही इनामच झालं असतं.

मामा आले नाहीत. निजामाचा अंमल सरला, तुरुंग उघडले, माणसं परत आली. आम्ही प्रत्येकाला विचारलं. मामांना कुणी बघितलंच नव्हतं.

हाटेल मात्र चालूच होतं. गादीमागची तसबीर बदलली, बाकडी तीच. एक दिवस नागू गंगव्वाच्या दारात आला. मी चुलीपाशी होते.

"मालकानं निरोप दिलाय. झालं गेलं इसर म्हनत्यात. आता आपलं राज्य आलंय. परत ये. ताट पुन्यांदा सुरू करायचं हाय, पयला मान तुजा."

"कुनाची खबर दिऊ?"

नागू खाली बघायला लागला. "तसलं काय न्हाय आता. फकस्त कोन कामचुकारपना करतंय, तेवढं..."

"मालकाला सांग, पोटभर भाकरी दे म्हनावं. सगळ्यास्नी. घरी न्यायला मिळंल अशी. ताट त्याचं त्यालाच."

त्यानं पाणी मागितलं. मी तांब्या दिला, प्यायला. हातावर घातलं नाही.

तो गेल्यावर लेकीला जवळ बसवून सगळं सांगितलं, माझं नाव न वगळता. ज्या ताटाजवळ दुसऱ्याचं नाव विचारतात त्या ताटावर मी बसणार नाही आणि तूही बसायचं नाहीस. भूक लागेल. लागू दे. भुकेनं मला एकदा बोलायला लावलं. पुन्हा लावू देणार नाही.