सेक्रेटरींचा झुला

आमच्या बालवाडीच्या संस्थेचे सेक्रेटरी आलेली पाकिटं उलटवून पुन्हा वापरत. मी मुलांसाठी झुला मागितला की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "पुढच्या साली पाहू."

मग नवा कायदा आला. संस्थेनं मिळकतीतला बराचसा पैसा त्याच वर्षी, मार्च संपायच्या आत कामाला लावायचा, नाहीतर त्यावर इन्कम टॅक्स. त्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. मग एकदम म्हणाले, "सरकारले काऊन द्याचं? पोरायलेच देऊ!"

मार्चमध्ये हिंगणघाटहून बैलबंडीत झुला आला. "पहिले मी पाह्यतो, पोरं पडतीन," म्हणत ते धोतर सावरून बसले. मी झोका दिला. मुलं रांगेत ताटकळली, तरी ते उतरेनात.

"भाऊ, झालं न पाहून?" मी विचारलं.

वरून आवाज आला, "थांबा न बाई, मार्च संपाले अजून टाइम आहे!"