पायवाल्या इंजिनाचा वैरी

मेलेल्या माणसांवर इतक्या मनापासून चिडणारा माणूस नव्वदच्या दशकातल्या सबंध सुरतेत दुसरा नव्हता. हे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान; मी त्यांचा शालक. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये बॉयलर सांभाळायचे आणि लिंबायतच्या खोलीत येऊन जुन्या काळच्या विलायती कारागिरांना फैलावर घ्यायचे. ही आग मीच लावलेली. चौक बाजारातल्या रद्दीच्या ढिगात पहिल्यावहिल्या वाफेच्या इंजिनांचं एक सचित्र गुजराती पुस्तक सापडलं, ते मी त्यांना नेऊन दिलं. वाटलं, चित्रं बघत गप्प बसतील. पण पानापानाला भडका! एका इंजिनात धुराडं आणि भट्टीचं तोंड एकाच टोकाला, म्हणून कोळसा टाकणारा पुढे आणि इंजिन हाकणारा मागे. "चूल नंदुरबारला आणि तवा सुरतेला? कोणी शिकवलं रे यांना?" दुसऱ्या कुणी जास्त वाफेच्या हावेनं सेफ्टी वॉल्ववर वजन टांगलेलं, त्या दिवशी दाजी जेवलेच नाहीत. पण खरं वैर एकाशीच. लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरेल, या भीतीनं त्यानं इंजिनाला मागून ढकलायला चक्क दोन पाय लावले होते. "पाय! अरे, आधी चाक फिरवून तरी बघ, मूर्खा!" चिडले की दाजी पुस्तकी मराठी बोलत, अहिराणी फक्त माया आली की. ताई वैतागून म्हणे, "तो काय तुमना सगा भाऊ शे का?"

एकदा मीही भडकलो. "दाजी, शिव्या पुरे. स्वतः बनवून दाखवा!" त्यांनी ते मनावर घेतलं. ताईचा कुकर बॉयलर झाला, घरची डाळ पातेल्यात शिजू लागली, आणि गणपतीत मंडळासमोर गुळगुळीत रुळांवर गुळगुळीत चाकांचं इंजिन उभं राहिलं. दाजींनी भर गल्लीत जाहीर केलं, "हे चाललं नाही, तर त्या पायवाल्याची मी माफी मागेन."

आता सांगूनच टाकतो. मी कापडाच्या लूमवरचा माणूस. हलणारं काही दिसलं की हात तेलाच्या कुपीकडे जातो. शुभ काम म्हणून मी इंजिनाबरोबर रूळही तेलानं न्हाऊ घातले. वाफ चढली, चाकं गरगर फिरली, इंजिन जागचं हललं नाही. "दाजी, पाय लावा पाय!" गल्ली खदखदली. ओरडणाऱ्याची मी कॉलर धरली. धरायला हवी होती माझीच.

दाजींनी रुळावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं, माझ्या हातातल्या कुपीकडे पाहिलं. मी भडक्याची वाट पाहत डोळे मिटले. कुकरखालची आग विझवत ते हळूच म्हणाले, "त्या पायवालाले बी एखादा शालक व्हई रे."

पुस्तक त्यांनी कपड्यात गुंडाळून देव्हाऱ्याखाली ठेवलं. ताईला कुकर परत मिळाला, घर शांत झालं. पुढे मी जेवायला गेलो आणि कुकरची शिट्टी झाली, की आशेनं त्यांच्याकडे बघायचो. दाजी निमूट भात कालवत. एकदा तरी, अगदी पुस्तकी मराठीत, त्यांनी माझ्यावर तुटून पडायला हवं होतं.